गोपीनाथ अर्जनवीस आणि पळसपाड्याची राख

कल्याणच्या कचेरीसमोर एक पिंपळ होता आणि त्या पिंपळाच्या पारावर गोपीनाथ दुर्वे बसत. बावीस वर्षं ते एकाच जागी बसत होते. पाराचा तेवढा दगड गुळगुळीत झाला होता, आणि एखाद्या दिवशी ते आले नाहीत तरी तिथे दुसरं कुणी बसायला धजत नसे.

त्यांचा धंदा अर्जनवीसाचा. ज्याला सरकारकडे काही मागायचं आहे पण लिहिता येत नाही, त्याचं मागणं कागदावर उतरवून द्यायचं. तरुणपणी त्यांनी वकिलीची परीक्षा दोनदा दिली आणि दोनदा नापास झाले. तिसऱ्यांदा परीक्षेला बसण्याऐवजी पारावर बसलो, असं ते स्वतःच सांगत आणि ऐकणाऱ्याच्या आधी हसून घेत. पण मनात सल होताच. वकील कोर्टात बोलून जे करतो ते आपण कागदावर करून दाखवायचं, हा त्यांचा हट्ट. त्यामुळे त्यांचा अर्ज कधी साधा म्हणून नसे.

प्रत्येक संकटाचा मजकूर त्यांच्याकडे तयार होता. पुराचा वेगळा, गुरांच्या रोगाचा वेगळा, आगीचा वेगळा. गाव, तिथी आणि नावं तेवढी विचारायची, बाकीचं बोरू आपोआप लिही. आगीच्या मजकुरावर त्यांचं विशेष प्रेम होतं. "अग्निनारायणाने क्षणार्धात सर्वस्व गिळंकृत केले" इथून तो सुरू होई आणि "उरली ती राखही वायूने हरण केली, आज जागेवर चिमूटभर भस्म दिसत नाही" इथे संपे. हे शेवटचं वाक्य वाचून एका कारकुनाच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं, असं गोपीनाथराव सांगत. त्या कारकुनाचे डोळे बारा महिने गळत, हे मात्र ते सांगत नसत.

आणि या बावीस वर्षांत त्यांनी जळालेलं घर एकही पाहिलं नव्हतं. पाहायची गरजच पडली नाही. त्यांची पत्नी गोदूबाई कधी तरी विचारायची, "अहो, तुम्ही एवढं लिहिता, त्या लोकांचं पुढे होतं तरी काय?" त्यावर ते म्हणत, "पुढचं सरकार बघतं. आपलं काम कागदापुरतं." गोदूबाईचं समाधान होत नसे, पण तिने पुन्हा विचारायचंही सोडून दिलं होतं.

सन १८८६ च्या चैत्रात टिटवाळ्याच्या पलीकडच्या डोंगरावर वणवा लागला. तीन दिवस कल्याणातून धूर दिसत होता. कुठून लागला, कुणास ठाऊक. कुणी म्हणे मोहाची फुलं वेचणाऱ्यांनी पालापाचोळा जाळला, कुणी म्हणे कुणाच्या तरी चिलमीची ठिणगी. लागला तो लागला, आणि वारा फिरला तसा दोन ठिकाणी खाली उतरला. एक, टिटवाळ्याच्या स्टेशनाजवळ महिपतशेठ नावाच्या व्यापाऱ्याच्या गवताच्या गंज्या होत्या, तिथे. हे गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई. आणि दुसरा उतरला तो स्टेशनापासून दोन कोसांवरच्या पळसपाड्यावर. बारा घरांची कुणब्यांची वस्ती. दुपारची वेळ होती म्हणून माणसं आणि गुरं वाचली. बाकी सगळं गेलं.

आधी आले महिपतशेठ.

"गोपीनाथराव, माझ्या गंज्यांचा विमा आहे," ते पारावर टेकत म्हणाले. "मुंबईची विलायती कंपनी आहे. कागद इंग्रजी. माझ्या भाच्याने वाचला, पण त्याला काय कळलं ते त्याला सांगता येईना. आता मी करू काय?"

वकिलीच्या अभ्यासाने गोपीनाथरावांना एक गोष्ट दिली होती, ती म्हणजे कामापुरतं इंग्रजी. तो विम्याचा कागद त्यांनी घरी नेला, दोन दिवस कोश उघडून त्याच्यापुढे बसले आणि तिसऱ्या दिवशी शेठना बोलावून घेतलं.

"शेठ, एक करा. राखेला हात लावू नका. कंपनीचा माणूस येऊन बघेपर्यंत तिथली काडीसुद्धा हलवायची नाही. राखेचा थर किती, जागा किती, यावरून तो माल किती होता ते ठरवणार. भोवती काट्यांचं कुंपण घाला, राखणीला माणूस बसवा. तुमची राख हाच तुमचा साक्षीदार."

शेठनी राखेला राखणदार बसवला. टिटवाळ्याचे लोक हसले. गवत होतं तेव्हा राखण नव्हती आणि आता राखेला पहारा. पण वीस दिवसांत कंपनीचा माणूस आला, फूटपट्टीने मोजमाप करून गेला, आणि पुढच्या महिन्यात शेठ पेढे घेऊन पारावर हजर झाले. गोपीनाथरावांनी ते पेढे घरी नेऊन मोठ्या ऐटीत गोदूबाईच्या हातात दिले.

पळसपाड्याचे लोक शेठच्या मागून चार दिवसांनी आले होते. पुढे धोंडीबा, पाड्याचा म्होरक्या, साठीचा, मोजकं बोलणारा. त्याच्यामागे पाचसहा बाप्ये आणि एक बाई. ती हौसाबाई. नवरा आणि मुलगा दोघंही पटकीत गेलेले, घरात ती आणि सून मालन अशा दोघीच. तिच्या घरातर्फे बोलायला बाप्या नव्हता म्हणून ती स्वतः आली होती.

त्या वेळी सरकारचा असा नियम होता की आगीत घर गेलेल्याला सरकारी जंगलातून घरापुरतं लाकूड फुकट मिळावं. पण त्यासाठी अर्ज करायचा, अर्जावर चौकशी व्हायची, चौकशीअंती हुकूम. लाकूड पावसाच्या तोंडावर तरी हातात पडलं पाहिजे, नाही तर चार महिने बारा कुटुंबांनी उघड्यावर काढायचे. एवढं सगळं त्या एका कागदावर अवलंबून होतं.

गोपीनाथरावांनी गाव विचारलं, तिथी विचारली, बारा नावं लिहून घेतली. बोरू चालू लागला.

"राव," धोंडीबा मध्येच म्हणाला, "ती राख आमी..."

"राखेचं मला नको सांगूस, धोंडीबा. बावीस वर्षं आगीचेच अर्ज लिहितोय."

धोंडीबा गप्प बसला. शहाण्या माणसापुढे किती बोलायचं याची त्याला जाण होती, आणि पारावर बसून लिहितो तो शहाणाच असणार, अशी त्याची समजूत होती. अर्ज पुरा झाला. गोपीनाथरावांनी तो खड्या आवाजात वाचून दाखवला. अग्निनारायण, गिळंकृत, वायूने हरण केले. लोकांनी आदराने माना डोलावल्या. देवळातल्या पोथीसारखंच ते, कळलं नाही तरी चांगलंच असणार. मग बाप्यांनी नावापुढे नांगराची निशाणी केली, हौसाबाईने बायकांच्या रीतीप्रमाणे बांगडीची केली, आणि मंडळी निघून गेली.

ज्येष्ठ लागला. पंधरा दिवसांत पाऊस येणार अशी हवा झाली असताना एका सकाळी धोंडीबा एकटाच पारावर येऊन बसला.

"काय रे, लाकूड मिळालं?"

"राव, आमी आगीतून उठून फुफाट्यात पडलो," धोंडीबा म्हणाला.

मग त्याने जे सांगितलं ते असं. या मुलखात भाताचं बी पेरायच्या वाफ्यावर आधी फांद्या, पाला, शेण पसरून जाळतात. त्याला राब म्हणतात. राब भाजला नाही तर रोप पिवळं पडतं, ही सगळ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री. पण त्या वर्षी पळसपाड्याच्या वरचं जंगल फांद्या तोडायला बंद केलेलं होतं. राबाला काही मिळालंच नव्हतं. वाफे तसेच कोरडे पडले होते आणि त्यात घरं जळाली.

"घर गेलं ते गेलं," धोंडीबा म्हणाला, "पन राख का वाया घालवायची? पाट्यांनी उचलली न्‌ वाफ्यांवर टाकली. आपल्याच घराची राख, आपल्याच शेतात. जागा झाडून सारवून घेतली. मग रोयनीत बी पेरलं."

म्हणजे रोहिणी नक्षत्रात. आणि त्यानंतर आले चौकशीचे अधिकारी श्रीपादराव. माणूस सरळ, लाच खाणारा नाही, आणि म्हणूनच जास्त अवघड. त्यांनी पाहिलं काय, तर घरांच्या जागा लख्ख सारवलेल्या, आणि बाराही वाफ्यांवर राखेचा जाड थर. त्यांनी विचारलं, ही राख कुठली? लोक म्हणाले, घरांची. त्यांनी दप्तरातून अर्ज काढला आणि शेवटचं वाक्य वाचलं: उरली ती राखही वायूने हरण केली.

"सायेब म्हनले, एक तर हे खोटं, न्हाय तर तुमी खोटे. राख वाऱ्यानं नेली तर वाफ्यात कुठून आली? म्हंजे तुमी बंद जंगलातल्या फांद्या चोरून तोडल्या, राब भाजला, आन्‌ त्याच राबाची आग डोंगराला लागली."

गोपीनाथरावांचा बोरू हातातच राहिला. पुढचं धोंडीबाने सांगायची गरज नव्हती. तो कायदा त्यांना पाठ होता. आग गावाच्या हयगयीने लागली असं ठरलं तर लाकूड तर नाहीच, वर त्या गावाचे जंगलातले सगळे हक्क बंद. गुरं चारायची नाहीत, सरपण आणायचं नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

"सायेब उद्या सांजच्याला ठान्याला जानार. तवर काय सांगायचं आसंल तर सांगा, म्हनले."

धोंडीबाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. गोपीनाथरावांना एकाएकी महिपतशेठची राख आठवली, तिच्याभोवतीचं कुंपण आठवलं. शेठला सांगितलं ते या लोकांना का सांगितलं नाही? त्याच आठवड्यात, याच पारावर. उत्तर सोपं होतं आणि त्यांना ते आवडलं नाही. शेठच्या राखेला किंमत होती. यांच्या राखेला असेल असं त्यांच्या मनातच आलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि बऱ्याच वर्षांनी वाटल्यामुळे ती जोरात वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते टिटवाळ्याला उतरले आणि पायी निघाले. दोन कोस ते कित्येक वर्षांत चाललेले नव्हते. जोडा चावायला लागला तेव्हा तो काढून हातात घेतला, आणि मग खडे टोचायला लागले तेव्हा पुन्हा घातला.

पळसपाडा पाहून ते थांबले. त्यांच्या मजकुरात होतं तसं तिथे काही नव्हतं. बारा चौकोनी जमिनी होत्या, शेणाने सारवलेल्या, प्रत्येकीच्या मध्ये तीन दगडांची चूल, आणि चार काटक्यांवर टाकलेली पळसाची पानं. एका जमिनीवर एक मूल झोपलेलं होतं. कुठे आक्रोश नाही, काही नाही. एक बाई तांदूळ निवडत होती.

श्रीपादराव आंब्याखाली कागद पसरून बसले होते.

"ते वाक्य माझं आहे," नमस्कार झाल्याबरोबर गोपीनाथराव म्हणाले. "लोकांचं नाही. मी इथे न येता, न बघता लिहिलं. मी सगळ्याच आगींना तेच लिहितो."

"सगळ्याच?"

"बावीस वर्षं."

श्रीपादरावांनी अर्जातल्या त्या वाक्याखाली रेघ ओढली. "तशी नोंद मी करीन. अर्जनवीसाने खोटा मजकूर घातला, म्हणून. पण त्याने या वाफ्यातली राख घराची ठरत नाही. तुमचं वाक्य काढून टाकलं तरी राख राहतेच. ती घराची कशावरून?"

गोपीनाथराव उठले आणि त्या सारवलेल्या जागांमधून फिरू लागले. एका कडेला, झाडूतून निसटलेला, मातीचा एक तुकडा पडला होता. त्यांनी उचलला. विटेसारखा भाजून लाल झालेला. त्याच्या एका अंगाला बोटाएवढ्या जाडीच्या तीन खाचा होत्या, एकीला लागून एक.

"हे काय, धोंडीबा?"

"कूड हाय, राव. आमच्या भिती कारवीच्या. कारवीच्या काठ्या उभ्या करून वर माती लिपायची. काठी जळाली, माती भाजली. तिची जागा ऱ्हायली."

गोपीनाथराव तो तुकडा घेऊन जवळजवळ धावतच आंब्याखाली आले. "रावसाहेब, राख चाळून बघा. राबाच्या राखेत फांद्यांचा कोळसा सापडेल. भिंत सापडणार नाही."

श्रीपादरावांनी तुकडा उलटापालटा केला, खाचेत बोट घालून पाहिलं. "ठीक आहे. पण वाफा मी निवडणार. आणि वरवर उकरून चालणार नाही, तळापर्यंत." त्यांनी नजर फिरवली आणि सगळ्यांत जवळचा, सगळ्यांत काळा वाफा काठीने दाखवला. "तो."

तो वाफा हौसाबाईचा होता.

धोंडीबा हळूच म्हणाला, "राव, पेरा झालाय तिथं. परवा वळवाची सर येऊन गेली. बी मोडावलंय. आता उकरलं तर गेलं."

गोपीनाथरावांनी वाफ्याजवळ जाऊन बोटाने राख जरा सारली. खाली भाताचे दाणे होते आणि प्रत्येकाला दुधासारखा पांढरा कोंब फुटलेला. घरातलं बियाणं कणगीसकट जळाल्यावर हे बी हौसाबाईने मुरबाडकडच्या माहेराहून डोक्यावरून आणलं होतं. दुसरं नव्हतं. हे त्यांना धोंडीबाने सांगितलं, आणि आता काय करायचं ते मात्र सांगितलं नाही.

हौसाबाई जवळ येऊन उभी राहिली होती.

"राव, तुमी लिवलेलं पुसायला माजा पेरा मोडायचा, आसंच ना?"

त्यांना पुष्कळ काही सांगता आलं असतं. नियम, पुरावा, रावसाहेबांचा हुकूम. "होय," ते म्हणाले.

"न्हाय मोडला तर?"

"तर बाराही घरांना लाकूड नाही. आणि जंगल बंद."

तिने मागे उभ्या असलेल्या लोकांकडे पाहिलं. कुणी वर बघेना. प्रत्येकाचा वाफा शाबूत होता आणि प्रत्येकाला त्याचा आनंद होत होता आणि प्रत्येकाला त्या आनंदाची शरम वाटत होती. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्यांच्या जागी तुम्हीआम्ही असतो तरी जमिनीकडेच बघत उभे राहिलो असतो.

एक शिपाई फावडं घेऊन पुढे झाला. हौसाबाईने ते त्याच्या हातातून काढून घेतलं. "तुजं जोड्याचं पाय नगं तिथं. मीच खनते." आणि सुनेला म्हणाली, "मालन, चाळन आन."

दोघी कामाला लागल्या. हौसाबाई राख ओढायची, मालन चाळायची, आणि चाळणीत राहील ते श्रीपादरावांपुढे ओतायची. पहिल्या चाळणीत नुसते खडे आले. दुसऱ्या चाळणीतही काही नाही. तिसऱ्या चाळणीत भाजल्या मातीचे तुकडे यायला लागले. तळहाताएवढे, बोटाएवढे, सगळ्यांना कारवीच्या खाचा. मग मडक्याची खापरं. मग जळून एकमेकांना चिकटलेल्या भाताचं काळं ढेकूळ, कणगीच्या तळचं. मग मुसळाच्या टोकाला बसवतात ती लोखंडी वसवी निघाली. ती बघून मालन म्हणाली, "ही म्या मयनाभर सोधत हुते," आणि ती पुसून तिने कनवटीला लावली. पुराव्याची वस्तू म्हणून ती मागून घ्यायला हवी होती. श्रीपादराव कागदात बघत राहिले.

कोंब फुटलेले दाणे चाळणीत वेगळे पडत होते. मालन ते वेचून एका पानावर ठेवायला लागली. उन्हाने ते बघता बघता सुकून पिवळे झाले. थोड्या वेळाने तिने वेचणं सोडून दिलं.

"पुरे," श्रीपादराव म्हणाले. पाऊण वाफा उकरून झाला होता.

"आता पुरं काय, सायेब," हौसाबाई म्हणाली, "झालाच की." आणि तिने उरलेलाही उकरून टाकला.

श्रीपादरावांनी पंचनामा तिथेच केला. वाफ्यांवरील राख ही जळालेल्या घरांचीच; राब भाजल्याचा पुरावा नाही; आगीचं कारण अज्ञात. लोकांनी निशाण्या केल्या. लाकडाचा हुकूम आठ दिवसांत आला, जंगल बंद झालं नाही, आणि मृगाच्या पावसात भिजत भिजत का होईना, बारा घरं उभी राहिली. गोपीनाथरावांना खोट्या मजकुराबद्दल पंधरा दिवस अर्ज लिहायची मनाई झाली. ते त्या पंधरा दिवसांतही रोज पारावर जाऊन बसले आणि कुणी आलं की सांगत राहिले, आज नाही, माझी शिक्षा चालू आहे.

त्यानंतर अठरा वर्षं त्यांनी अर्ज लिहिले. पण आगीचा किंवा पुराचा अर्ज असला की आधी जोडा घालून उठत आणि गाव कुठल्या वाटेला आहे ते विचारत. धंदा निम्म्याने बसला. शेजारच्या पारावर एक नवा अर्जनवीस आला, तो बसल्याजागी लिहून देई, त्याच्याकडे गर्दी होऊ लागली. गोदूबाई वैतागली, पण एकदा शेजारणीला सांगताना लोकांनी ऐकलं, "आमचे आता घरी आले की सांगतात तरी, कुणाचं काय झालं ते."

पण ते पुढचं. त्या वर्षी, आषाढाच्या सुरुवातीला, त्यांनी एक काम केलं. बाजारात जाऊन भाताच्या बियाण्याचं एक पोतं विकत घेतलं. दुकानदाराने सांगितलं, याहून उत्तम भात कल्याणात नाही. ते पोतं त्यांनी आगगाडीत घातलं, टिटवाळ्याला तानाजी नावाचा हमाल केला, आणि चिखल तुडवत पळसपाड्याला नेलं. वाटेत त्यांना बरं वाटत होतं. चुकीची भरपाई पोत्यात मावते असा माणसाचा समज असतो, आणि पोतं दुसऱ्याच्या डोक्यावर असलं म्हणजे तो आणखी पक्का होतो.

हौसाबाईचं घर उभं राहिलं होतं. कूड अजून ओला होता. तिने पोत्याचं तोंड सोडलं, मूठभर दाणे हातावर घेतले, एक दातांत फोडला.

"ह्ये गरवं हाय, राव."

"म्हणजे?"

"उशिराचं भात. ह्याला दिवाळीपतुर पानी लागतं. माजं खाचर उताराचं, दसऱ्यालाच पानी सरतं. मला हळवं लागतं, लवकर येनारं. ह्ये पेरलं तर उगवंल, हिरवं दिसंल, पन दाना भरायचा न्हाय."

गोपीनाथरावांनीही मूठभर दाणे हातावर घेतले. हळवं आणि गरवं असे भाताचे दोन प्रकार असतात, हे कल्याणसारख्या भाताच्या पेठेत जन्म काढून त्यांना ठाऊक नव्हतं. "परत नेतो," ते म्हणाले. "बदलून आणतो. चार दिवसांत."

"पेरनीचं दिस गेलं, राव. लोकांची लावनी झाली का उरलेली रोपं मला देनार हायेत. अर्धं खाचर भरंल."

"आणि अर्धं?"

"ऱ्हाईल पडून." तिने पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं नाही. "ह्ये ऱ्हाऊ द्या. मालन कांडंल."

पाऊस थांबेपर्यंत त्यांना तिथेच बसावं लागलं. मालनने उखळात भात कांडला, पाखडला, चुलीवर चढवला. घरात धूर आणि शिजत्या भाताचा वास भरला. हौसाबाईने त्यांच्यापुढे केळीच्या पानावर गूळ ठेवला आणि विहिरीकडे बोट दाखवून म्हणाली, "दोर न्‌ कळशी तिथं हाय, पानी तुमी काढून घ्या." गोपीनाथराव जातीने कायस्थ प्रभू, आणि प्रभूंच्या घरचा माणूस कुणब्याच्या हातचं शिजलेलं खात नसे आणि पाणीही घेत नसे. हे तिला ठाऊक होतं, त्यांना ठाऊक होतं, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटलेलं नव्हतं.

तानाजी हमाल जेवायला बसला. मालनने त्याच्यापुढे भात वाढला, वर आंबाडीची भाजी आणि मीठ.

"हौसाबाई," गोपीनाथराव म्हणाले, "मलाही वाढा."

ती हातातली पळी तशीच धरून उभी राहिली. "तुमच्यात चालत न्हाय, राव."

"ठाऊक आहे. वाढा."

तिने वाढलं. ते मांडी घालून कुडाशी टेकून बसले आणि भात कालवून पहिला घास घेतला. हे खायचं नव्हतं. हे उगवायचं होतं. प्रत्येक घासाला त्यांना ते पडून राहणारं अर्धं खाचर दिसत होतं, आणि घास गिळायला वेळ लागत होता. पण पानात टाकून उठायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं होतं.

हौसाबाई समोर उकिडवी बसून त्यांचं जेवण बघत होती.

"भात चांगला हाय, राव," ती म्हणाली. "पेरायचा नव्हता, येवडंच."

गोपीनाथरावांनी मान हलवली आणि आणखी थोडा वाढायला सांगितला.